सुई पिशवीतच राहू द्या

वाकडच्या पुलापासून हिंजवडीच्या शिवाजी चौकापर्यंत आमची कंपनीची बस मुंगीच्या पावलांनी सरकते, म्हणून बायका पिशवीतून साडी आणि फॉल काढतात. घरी वेळ कुठे मिळतो? मला ते पटतं. पण फॉलचा टाका घेऊन दोरा ओढताना सुई थेट डोळ्यांच्या उंचीला येते. तेवढ्यात कचकन ब्रेक लागला, की हात आपल्या ताब्यात राहत नाही. कारच्या पुढच्या सीटवर तर मुळीच नको. एअरबॅग निमिषार्धात फुगते आणि हातातली सुई-कात्री तोंडावर आदळते. वेळ घालवायचाच असेल, तर बोथट टोकाचा क्रोशा घ्या. फेज तीनकडे बसने वेग घेतला, की तोही पिशवीत. उतरताना सीट चाचपून बघा, मागून दुसऱ्या पाळीची माणसं त्याच सीटवर बसतात.