गाठोड्यातल्या चिठ्ठ्या

मंडळी, यंदा दिवाळीच्या सुमारास भाच्याने माझा जुना संगणक बदलून दिला. जुन्यावर लिनक्स होतं, त्यानेच घालून दिलेलं. मी मोठ्या ऐटीत 'ओव्या' या फोल्डरचं टार गाठोडं स्वतः बांधलं. आमच्या हिच्या आवाजातल्या ओव्या आहेत त्या. ती जाऊन सहा वर्षं झाली.

नव्या संगणकावर गाठोडं सोडलं. नावं सगळी जागच्या जागी, पण एकही वाजेना! मी बांधल्या होत्या त्या नुसत्या चिठ्ठ्या, म्हणजे सिम्बॉलिक लिंक. खऱ्या फाइली जुन्या संगणकाच्या दुसऱ्या डिस्कवर. वर्गाच्या हजेरीपटात 'मागील पान पाहा' लिहावं आणि मागचं पानच फाटलेलं असावं, तसं झालं.

टारचा नियमच असा, की चिठ्ठी ही चिठ्ठी म्हणूनच ठेवायची. 'एच' हा पर्याय दिला तर मूळ वस्तू आत येते. लिनक्सवरचं झिप याच्या उलट: ते मूळ वस्तू घेतं, चिठ्ठी हवी असेल तर तसं सांगावं लागतं. दोन्हीला कारणं आहेत, माझं भांडण नाही. पण बांधताना 'अहो मास्तर, ही चिठ्ठी बाहेरची आहे' एवढं म्हणायला काय हरकत होती?

भाचा म्हणाला, मामा, सोडताना याहून वाईट होतं. कुणी लबाड माणूस गाठोड्यात आधी 'फोटो' नावाची चिठ्ठी ठेवतो, तिच्यावर पत्ता तुमच्याच दुसऱ्या फोल्डरचा. पाठोपाठ 'फोटो'त ठेवायची म्हणून एक फाईल. भोळं साधन चिठ्ठीमागून जातं आणि ती फाईल तुमच्या घरात भलतीकडेच लिहून येतं. ग्नू टार इथे शहाणं आहे. बाहेर बोट दाखवणाऱ्या चिठ्ठीच्या जागी ते आधी रिकामी फाईल ठेवतं आणि खरी चिठ्ठी सगळ्यात शेवटी लावतं.

पायथनच्या टार सोडणाऱ्या भागातून फाइली बाहेर लिहिल्या जातात ही तक्रार २००७ साली नोंदली गेली. गाळणीची सोय ३.१२ मध्ये, २०२३ साली आली. आणि न मागता ती लागू झाली ३.१४ मध्ये, २०२५ साली. अठरा वर्षं! सेव्हन-झिपलाही झिपमधल्या चिठ्ठ्यांची अशीच चूक २०२५ मध्येच दुरुस्त करावी लागली.

'खात्रीची गाठोडीच सोडा' हे उत्तर मला पटत नाही. आमच्यापर्यंत गाठोडं येतं ते कुणाच्या तरी मेव्हण्याच्या मित्राकडून. शाळेत ॲसिडचं कपाट कुलूपबंदच असायचं. ज्याला हवं त्याने किल्ली मागावी. साधनानेही मुळात संशयीच असावं, जाणकाराने हवं तर संशय काढावा.

असो. डिस्क भाच्याच्या माळ्यावर सापडली, भंगारवाला यायच्या आदल्या दिवशी. ओव्या आता दोन ठिकाणी आहेत, चिठ्ठ्या नव्हेत, ओव्याच. तिसरीत मध्येच कुकरची शिट्टी होते आणि ही गाता गाता 'गॅस बारीक करा हो' म्हणते.