शोधगंगेत आमचे प्रबंध कुठे आहेत?

6 डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर एकदा जाऊन आले, की आपला समाज पुस्तके विकत घेतो हे वेगळे सांगावे लागत नाही. रात्रभर रेल्वेत उभी राहून आलेली माणसे खिशातल्या मोजक्या पैशातून दोन पुस्तके घेतात आणि उरलेल्या पैशात वडापाव खातात. नागपूरला दीक्षाभूमीवरही हेच चित्र. पण याच समाजातल्या मुलामुलींनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत विद्यापीठांतून जे शोधप्रबंध लिहिले, ते या स्टॉलवर दिसत नाहीत. विद्यापीठाच्या ग्रंथालयातही ते सहज हाताला लागत नाहीत. धर्मांतर, भूमिहीनांचा सत्याग्रह, नामांतर, पँथर, आंबेडकरी जलसे, पाली साहित्य, वस्त्यांमधले आरोग्य, आश्रमशाळा या सगळ्यावर आपल्या लोकांनी पाच-पाच वर्षे घालवून लिहिले आहे. ते वाचले किती जणांनी? मार्गदर्शकाने, दोन परीक्षकांनी आणि टायपिंग करणाऱ्याने.

हा प्रश्न आत्ता काढण्याचे कारण आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके. आपल्या सरकारी कॉलेजातल्या मुलांना परदेशी जर्नल्स फुकट वाचता येणार, याचे आम्ही स्वागतच करतो. तालुक्याच्या कॉलेजातला मुलगा आणि आयआयटीतला मुलगा एकच लेख वाचू शकत असेल तर ती समतेचीच गोष्ट आहे. पण बाहेरचे ज्ञान विकत घ्यायला एवढी रक्कम काढणाऱ्या देशाने स्वतःच्या विद्यापीठांत लिहिले गेलेले ज्ञान कसे ठेवले आहे, हेही याच वेळी विचारले पाहिजे. शिवाय ही योजना जी संस्था राबवते, तीच देशातले प्रबंधही सांभाळते.

ती संस्था म्हणजे गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र, विद्यापीठ अनुदान आयोगाचे आंतरविद्यापीठीय केंद्र. प्रबंधांच्या तिच्या राष्ट्रीय डिजिटल भांडाराचे नाव 'शोधगंगा'. चालू संशोधनाचे आराखडे ठेवण्यासाठी 'शोधगंगोत्री' वेगळी आहे. नावे कोणत्या संस्कृतीतून आली यावर आज बोलत नाही, काम महत्त्वाचे आहे आणि काम मोठे झाले आहे. आज तिथे पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत. कोणीही, कुठल्याही मोबाईलवरून, एक पैसा न देता उघडू शकतो. पीएच.डी.ला बसलेल्या ज्या मुलामुलींना अजून हे माहीत नाही, त्यांनी हा लेख इथेच थांबवून आधी ते पाहून यावे.

या कामाची सुरुवात दिल्लीत झाली नव्हती. म्हैसूर विद्यापीठात प्रा. शालिनी अर्स यांनी 2000 च्या सुमारास 'विद्यानिधी' नावाचा प्रकल्प सुरू केला, तो भारतीय प्रबंधांचे डिजिटल ग्रंथालय उभे करण्याचा पहिला गंभीर प्रयत्न होता. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने 1997 पासून प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच द्यायची सक्ती केली होती. आपल्याकडे सक्ती आली ती 2009 च्या यूजीसी नियमावलीने. नंतर 2016 आणि 2022 च्या नियमावल्यांत ती कायम राहिली. आजचा नियम स्पष्ट आहे. मूल्यमापन पूर्ण झाल्यावर आणि पीएच.डी. जाहीर करण्यापूर्वी संस्थेने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटकडे द्यायची. 'पूर्वी' हा शब्द लक्षात ठेवा. आधी पदवी, मग कधीतरी सवडीने प्रत, असे नाही.

पदवीच्या आधी प्रबंध जगाला उपलब्ध झाला पाहिजे, हा विचार आपल्याला परका नाही. बाबासाहेबांच्या आयुष्यातच तो आहे. कोलंबिया विद्यापीठाचा त्या काळचा दंडक असा होता, की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात जमा केल्याशिवाय पीएच.डी. मिळायची नाही. बाबासाहेबांचे तिथले काम 1917 च्या आधीच झाले होते. पण पैसा कुठे होता? ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा तो ग्रंथ 1925 मध्ये लंडनच्या पी. एस. किंग यांनी छापला, प्रती कोलंबियाला गेल्या आणि 1927 मध्ये पदवी रीतसर मिळाली. दहा वर्षे गेली. पण त्या दंडकामुळेच तो ग्रंथ आज आपल्या हातात आहे. 9 मे 1916 रोजी त्यांनी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचलेला जातींवरचा निबंध पुढच्याच वर्षी 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला, म्हणून टिकला. उलट, 1917 मध्ये मायदेशी परतताना जहाजाने पाठवलेला त्यांचा पुस्तकांचा संग्रह युद्धात जहाज बुडाल्याने समुद्रात गेला. कागद एकाच ठिकाणी असला की काय होते, हे आपल्या समाजाला निदान शिकवावे लागू नये.

दुसरे उदाहरण एलिनॉर झेलियट यांचे. आंबेडकर आणि महार चळवळीवरचा त्यांचा प्रबंध 1969 चा, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा. पुस्तक म्हणून तो आला 2004 मध्ये. मधली पस्तीस वर्षे तो प्रबंध अप्रकाशित होता, आणि तरीही आंबेडकरी चळवळीवर लिहिणाऱ्या जगभरच्या अभ्यासकांनी त्याचा आधार घेतला. कारण अमेरिकेत प्रबंधांच्या मायक्रोफिल्म करून मागेल त्याला प्रत विकणारी व्यवस्था मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे 1938 पासून होती. त्याच काळात आपल्या विद्यापीठांत मराठीतून, आतल्या माणसाच्या नजरेने लिहिलेले प्रबंध कपाटात राहिले. मग आंतरराष्ट्रीय ग्रंथसूचीत झेलियट, गेल ऑम्व्हेट असतात आणि नांदेडचा, लातूरचा, भंडाऱ्याचा संशोधक नसतो. झेलियटबाईंबद्दल आम्हाला आदरच आहे. आमचे म्हणणे फक्त एवढेच, की फरक नेहमी गुणवत्तेचा नसतो, बऱ्याचदा प्रत मिळण्या न मिळण्याचा असतो.

आमच्यापैकी एकाला 1964 च्या भूमिहीन सत्याग्रहावरचा एक जुना प्रबंध हवा होता. विद्यापीठाचे नाव घेत नाही. ग्रंथालयाच्या नोंदवहीत पेन्सिलीने नोंद होती, कपाटात प्रत नव्हती. 'गोडाऊनला असेल' असे उत्तर मिळाले. तीन फेऱ्या झाल्या. शेवटी प्रत मिळाली ती संशोधकाच्या घरी, पलंगाखालच्या ट्रंकेत, सुरुवातीची वीसेक पाने वाळवीने खाल्लेली. त्या प्रबंधाच्या परिशिष्टात सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या स्त्री-पुरुषांच्या मुलाखती होत्या, शब्दशः.

आमच्या मते खरा ठेवा या परिशिष्टांमध्ये आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला जो तरुण वीस वर्षांचा होता, तो आज असलाच तर नव्वदीच्या घरात आहे. नामांतराच्या लढ्यात 1978 मध्ये घर जळताना पाहिलेली आई आज नसेल. नव्वदच्या दशकात आपल्या पोरांनी टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव फिरून या लोकांचे बोलणे उतरवून घेतले आणि प्रबंधाच्या शेवटी जोडले. सिद्धांताचे प्रकरण जुने होईल, मुलाखत जुनी होत नाही. 2009 च्या आधीचे हे प्रबंध सक्तीच्या कक्षेत येत नाहीत. ते स्कॅन करायचे की नाही हे विद्यापीठाच्या मर्जीवर आहे. काही विद्यापीठांनी केले, काहींनी नाही. ज्या मराठवाडा विद्यापीठाला 14 जानेवारी 1994 ला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून माणसांनी जीव दिले, तिथला एकही जुना प्रबंध बंद कपाटात राहू नये अशी मागणी करण्याचा हक्क आपल्याला आहे.

आता नव्या प्रबंधांकडे या. ते भांडारात आहेत, तरी सापडत नाहीत. याचे पहिले कारण फॉन्ट. विद्यापीठाच्या गेटसमोरच्या दुकानात मराठी प्रबंध वर्षानुवर्षे श्रीलिपीत, आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये, कृतिदेवमध्ये टाइप झाले. पडद्यावर 'बौद्ध' दिसते, पण संगणकाच्या लेखी तिथे भलतीच इंग्रजी चिन्हे असतात. ती ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, नुसता चिवडा येतो. अशा फाईलमध्ये 'मिलिंद महाविद्यालय' शोधले तर काही सापडणार नाही, जरी ते शंभर वेळा लिहिलेले असले तरी. स्कॅन केलेल्या प्रबंधांचे तर फोटोच असतात, त्यात अक्षर नाहीच. आज मुले अभ्यासाचा पहिला प्रश्न एआयला विचारतात. ते यंत्र वाचता येण्याजोग्या मजकुरावरच बोलणार. आपला मजकूर वाचता येत नसेल तर आपल्या इतिहासाबद्दल ते दुसऱ्यांच्या लिखाणावरून बोलेल, आणि आत्मविश्वासाने बोलेल.

दुसरे कारण नोंदींचे. प्रबंध अपलोड करणारा कर्मचारी शीर्षक आणि विषयशब्द रोमन लिपीत भरतो. एक जण 'बौद्ध' हा शब्द एका स्पेलिंगने लिहितो, दुसरा दुसऱ्या, तिसरा सरळ 'नवबौद्ध' लिहितो, चौथा 'अनुसूचित जाती' म्हणून मोकळा होतो. एकाच गावावरचे, एकाच प्रश्नावरचे दोन प्रबंध एकमेकांना कधी भेटत नाहीत. याला कारस्थान म्हणायची गरज नाही, हा निष्काळजीपणा आहे. पण निष्काळजीपणाचा फटका कोणाला जास्त बसतो हे ठरलेले असते. ज्याची पुस्तके छापली जातात त्याचे काही अडत नाही.

संशोधक मित्रांशी बोलताना एक हरकत वारंवार येते. 'प्रबंध ऑनलाइन टाकला तर चोरी होईल.' भीती खोटी नाही. आपल्या मुलांची मेहनत दुसऱ्याच्या नावाने पुस्तक होऊन आल्याच्या तक्रारी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. पण विचार करा, चोरी कोणाची सोपी? जो प्रबंध कपाटात आहे त्याची. पाहणारा फक्त कपाटाची किल्ली असलेला असतो. उघड्यावर असलेल्या प्रबंधावर तुमचे नाव आणि तारीख असते आणि तपासणीचे सॉफ्टवेअर नक्कल त्याच्याशी ताडून पाहू शकते. 2018 च्या यूजीसी नियमांत नकलेसाठी पदवी नोंदणी रद्द होण्यापर्यंत शिक्षा आहे. शोधगंगेवरचे साहित्य ज्या खुल्या परवान्याखाली आहे त्यात लेखकाचे नाव देणे बंधनकारक आहे आणि व्यापारी वापराला मनाई आहे. प्रबंधाचे पुस्तक करायचे असेल तर तो काही काळ रोखून ठेवण्याची विनंती विद्यापीठाकडे करता येते.

मात्र दुसऱ्या एका हरकतीपुढे आम्ही स्वतः थबकतो. अत्याचाराच्या प्रकरणांवर प्रबंध लिहिणाऱ्या काही मुलांनी पीडित कुटुंबांची खरी नावे, गाव, वस्ती, साक्षीदारांचे म्हणणे तसेच्या तसे दिले आहे. ग्रंथालयाच्या कपाटात ते ठीक होते. मोबाईलवर ते गावातल्या त्याच लोकांच्या हातात जाऊ शकते ज्यांच्याविरुद्ध साक्ष दिली होती. इथे 'सगळे खुले करा' ही घोषणा पुरेशी नाही. नावे बदला, गावाऐवजी तालुका लिहा, मुलाखतीचे मूळ कागद वेगळे ठेवा. मार्गदर्शक हे सांगत नसेल तर स्वतः करा. ज्यांनी विश्वासाने दार उघडले त्यांची सुरक्षितता आपल्या पदवीपेक्षा मोठी आहे. आणि आधीच अपलोड झालेल्या अशा प्रबंधांचे काय, यावर विद्यापीठांनी धोरण करायला हवे. संशोधकाने लेखी अर्ज केल्यास तेवढी प्रकरणे बंद करता आली पाहिजेत.

एकाच केंद्रावर विसंबण्याचा धोकाही आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि ब्रिटनमधल्या प्रबंधांची तिची 'इथॉस' ही राष्ट्रीय सेवा दीर्घकाळ बंद पडली. तिथल्या विद्यापीठांकडे स्वतःच्या प्रती होत्या म्हणून निभावले. आपल्याकडे निदान आंबेडकरी चळवळीवरच्या आणि बौद्ध अभ्यासाच्या प्रबंधांचा दुसरा संच बार्टीने का ठेवू नये? बार्टीच्या फेलोशिपसाठी आपली मुले आझाद मैदानावर थंडी-उन्हात बसली. 2021 च्या तुकडीच्या 861 जणांना सरसकट फेलोशिप मिळावी म्हणून केवढा लढा द्यावा लागला, हे वाचकांना ठाऊक आहे. तो पैसा जनतेचा होता आणि लढा समाजाचा. त्यातून तयार झालेला प्रत्येक प्रबंध युनिकोडमध्ये, मराठी शीर्षकासह आणि मराठी विषयशब्दांसह एका यादीत दिसला पाहिजे. अशी यादी करायला 6,000 कोटी लागत नाहीत. दोन ग्रंथपाल आणि एक वर्ष पुरेल.

तोवर प्रत्येक जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी एक काम करावे. आपापल्या विद्यापीठाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण दीडशे शब्दांत लिहायचा असतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, उत्तराची मुदत तीस दिवस. विचारायचे एवढेच: जून 2009 पासून वर्षनिहाय किती पीएच.डी. पदव्या जाहीर झाल्या, त्यांपैकी किती प्रबंध शोधगंगेत जमा झाले, उरलेले का नाही, आणि 2009 पूर्वीच्या किती प्रबंधांचे स्कॅनिंग झाले. पहिल्या दोन आकड्यांमधला फरक हाती आला की पुढचे बोलणे कुलगुरूंशी करता येईल. उत्तरे आली की त्याची प्रत आमच्याकडे पाठवा. विद्यापीठनिहाय तक्ता करून आम्ही तो इथे देऊ.