हसायला बाई, वेळ कुठंय?

मैत्रिणींनो, खरं सांगा, शेवटचं पुस्तक तुम्ही कधी वाचलंत? पूर्ण, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत? मी आठवून पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. सकाळचा डबा, दुपारचं निवडणं-टिपणं, संध्याकाळचे आल्यागेलेले. त्यातून पुस्तक हातात घेतलंच तर घरातलं कुणीतरी विचारणारच, "रिकामी आहेस का?" बाई वाचत बसली की ती रिकामी दिसते. तूर निवडत बसली की मात्र कामात दिसते!

मागच्या उन्हाळ्यात सासूबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाचन बंद, टीव्ही बंद. त्या चौथी शिकलेल्या, पण वर्तमानपत्राचं अक्षर न् अक्षर वाचणाऱ्या. दोन दिवसांत अगदी कंटाळून गेल्या. भाची सुटीत धामणगावला आली होती, तिनं मोबाइलवर शोधून चिं. वि. जोशींच्या चिमणरावाची एक गोष्ट लावून दिली. कुणीतरी हौसेनं वाचून ठेवलेली, पैसे न मोजता ऐकता येणारी. मी समोर गहू निवडत होते. दहा मिनिटं झाली असतील-नसतील, सासूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. म्हणाल्या, "माय व, हा चिमणराव तं आपल्या घरचाच वाट्टे!" मामाजी गेल्यापासून त्यांचं असं हसू मी ऐकलं नव्हतं. आणि तो पदर! बाईच्या जातीनं मोठ्यानं हसू नये ही शिकवण सत्तरीतही सुटत नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरी दुपारचा एक तास 'ऐकायचा' झाला. हात कामात आणि कान गोष्टीत. कुणी रिकामी म्हणत नाही!

पण हे फुकट कसं, असा प्रश्न मला पडला. चोरीचा माल तर नाही ना? माहिती काढली तेव्हा कळलं की आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या लेखनावर हक्क राहतो. ही वर्षं मोजायची पुढच्या जानेवारीपासून. चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले, म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून चिमणराव, काऊ आणि गुंड्याभाऊ सगळ्यांचे झाले. अत्रे १९६९ चे, त्यांच्यासाठी २०२९ सरेपर्यंत थांबायचं. पु. ल. २००० साली गेले, त्यांचं लेखन २०६० च्या अखेरपर्यंत हक्कातलंच. तेव्हा मोबाइलवर फुकट मिळालं म्हणजे ते मोकळं झालंच, असं नाही. आणि पुस्तक मोकळं झालं तरी ज्यानं वाचून ठेवलं त्याच्या आवाजावर त्याचा हक्क असतो, हेही ध्यानात ठेवावं.

ही हसण्याची गंगा आपल्याच अंगणातून निघाली, हे किती जणींना ठाऊक आहे? मराठी विनोदाचे आद्य म्हणून ज्यांचं नाव घेतात ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर नागपूरला जन्मले आणि त्यांनी वकिली केली ती अकोला, खामगाव आणि जळगाव-जामोदला. 'सुदाम्याचे पोहे' लिहिणारे हेच आणि आपलं महाराष्ट्रगीत लिहिणारेही हेच. कर्मठपणा आणि भोळसट समजुती यांना त्यांनी चिमटे काढले. त्यांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी 'बाळकराम' या नावानं विनोद लिहीत. ते १९१९ साली सावनेरला गेले, म्हणजे तेही आपल्या विदर्भातच.

त्याच बाळकरामांची ठकी एका दुपारी आम्ही लावली. रूपानं बेताच्या मुलीचं लग्न जुळवण्याची मोहीम. सासूबाई हसल्या, मीही हसले. मग लक्षात आलं, भाची हसत नव्हती. तिला पाहून गेलेले दोन ठिकाणचे पाहुणे "कळवतो" म्हणून गेले, ते गेलेच. रंगावरून बोलणी झाली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक. ती एवढंच म्हणाली, "मामी, शंभर वर्षं झाली, पोहे तेच आहेत."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. गडकऱ्यांचा रोख लग्नाच्या बाजारावर होता, हे मला पटतं. पण हसू येतं ते ठकीच्या चेहऱ्यावर, हेही खरं. म्हणून ऐकायचंच नाही का? मला तसं वाटत नाही. ऐकावं, हसू आलं तर हसावं आणि जिथं टोचलं तिथं थांबून बोलावं. एकटीनं वाचलं असतं तर भाची ते मनातच ठेवती. सगळ्या मिळून ऐकत होतो म्हणून ते बोलणं निघालं. त्या संध्याकाळी सासूबाईंनी स्वतः फोन लावून तिच्या आईला सांगितलं, "पोरीले आता वर्षभर दाखवाचं नाव काढू नका, तिचं शिक्षण होऊ द्या."

मग आम्ही लक्ष्मीबाई टिळकांकडे वळलो. शाळेचं रीतसर शिक्षण नसलेल्या या बाईनं १९३० नंतरच्या काळात 'स्मृतिचित्रे' लिहिलं. वडिलांचं कडक सोवळं, नवऱ्याचा विसराळूपणा, स्वतःची फजिती, सगळं हसत सांगितलं. सोसलेलं होतं पुष्कळ, पण कुणाच्या रूपाला हसणं नाही. १९३६ साली त्या गेल्या, त्यामुळे तेही केव्हाच मोकळं झालंय.

इंग्रजीत अशा जुन्या पुस्तकांसाठी 'लिब्रिवॉक्स' नावाचा उपक्रम २००५ साली सुरू झाला. जगभरातली साधी माणसं घरी बसून हक्क संपलेली पुस्तकं वाचतात आणि सर्वांसाठी ठेवतात. मोबदला नाही. जेरोमच्या बोटीतल्या त्या तीन गड्यांची गोष्टही तिथं ऐकायला मिळते. मराठीत हे काम अजून पुष्कळ बाकी आहे. तर ते आपण का करू नये? हरिपाठ, पोथी, कहाण्या आपण वर्षानुवर्षं मोठ्यानं वाचत आलोय. आवाजाला सवय आहे. लागतो तो एक मोबाइल, पंखा बंद केलेली खोली आणि हक्क संपलेलं पुस्तक. रेल्वेची शिट्टी मात्र मध्ये येणारच, गावाचं नावच धामणगाव रेल्वे आहे ना!

भाचीनं 'स्मृतिचित्रे'ची पहिली वीस पानं वाचून ठेवलीत. तिसऱ्या पानावर तिलाच हसू आवरलं नाही, ते तसंच ठेवलंय. सासूबाईंनी ऐकलं आणि या वेळी पदर तोंडाला लावायचं विसरल्या.