हिरवी टिक आली, पण काम झालं का?



धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर रेंज कधी येते, कधी जाते. शाळेची कामं मात्र आता मोबाईलवरच आहेत. ॲपमध्ये हजेरी भरली, 'सेव्ह' दाबलं, हिरवी टिक आली की आपण निश्चिंत होतो. पण रेंज नसेल तर माहिती आपल्याच फोनमध्ये पडून असते. रेंज मिळाल्यावर ती मागच्या मागे सर्व्हरकडे जाणार असते. गेली की नाही, हे ती टिक सांगत नाही. चार दिवसांनी यादी येते आणि त्यात आपली शाळा 'माहिती अप्राप्त'! मग खुलासा शिक्षकानेच द्यायचा.

कधी उलटंही होतं. काम झालेलं असतं, पण चक्र फिरतच राहतं. आपण परत बटण दाबतो आणि नोंद दुबार होते.

माझं म्हणणं सरळ आहे. बटण दाबलं जाणं वेगळं आणि काम पूर्ण होणं वेगळं. दोन्हींना एकच खूण देऊ नये.

ही किरकोळ बाब वाटते का? २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडीच अडकली. नियंत्रण कक्षातला दिवा फक्त झडपेला दिलेला आदेश दाखवत होता, झडपेची खरी स्थिती नाही. दिवा विझला, म्हणून कर्मचाऱ्यांनी झडप बंद झाली असं धरलं. दोन तासांहून जास्त वेळ पाणी निघून जात राहिलं आणि अणुभट्टीचा गाभा काही अंशी वितळला. जेकब नील्सन यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या दहा तत्त्वांत पहिलंच तत्त्व हे आहे: आत काय चाललंय ते वापरणाऱ्याला दिसलं पाहिजे.

आणि हे जमण्यासारखं आहे. व्हॉट्सॲप बघा. मेसेज गेला नसेल तर घड्याळ, सर्व्हरकडे गेला की एक टिक, समोरच्याच्या फोनवर पोहोचला की दोन. त्याचा अर्थ आपल्या पाड्यावरच्या पालकांनाही पाठ आहे.

मग शाळेच्या ॲपमध्येही 'फोनमध्ये आहे', 'जात आहे', 'पोहोचलं', 'अडकलं' अशा चार वेगळ्या खुणा हव्यात. किती नोंदी जायच्या बाकी आहेत आणि शेवटची कधी पोहोचली, हेही दिसायला हवं. नोंद फोनमध्ये भरल्याची वेळ धरली, तर रेंज नसल्याचा दोष शिक्षकावर येणार नाही.

तोपर्यंत रेंजमध्ये आलात की ॲप उघडून नोंद पोहोचली का ते बघा. पालकांनो, ऑनलाईन फॉर्म भरल्यावर टिकवर विसंबू नका, अर्ज क्रमांक लिहून घ्या.

गृहपाठ दिला म्हणजे झाला, असं आपण धरत नाही. वही उघडून बघतो. ॲप बनवणाऱ्यांकडूनही तेवढीच अपेक्षा आहे. पुढच्या शिक्षण परिषदेत हा मुद्दा मांडू या. तुमच्या शाळेचा अनुभवही जरूर कळवा.