गृहकर्जाचा हप्ता हलका झाला. उरलेले पैसे कर्जात भरायचे की घराच्या दुरुस्तीसाठी ठेवायचे?

दिवाळीचा बोनस हातात आला की अनेक घरांत दोन मतं पडतात. एकाचं म्हणणं असतं, डोक्यावरचं कर्ज आधी उतरवू. दुसऱ्याचं बोट छताकडे असतं, कारण गेल्या पावसाळ्यात उमटलेला ओलीचा डाग अजून तसाच आहे.

व्याजदर उतरल्यामुळे हा प्रश्न आता आणखी घरांत विचारला जातोय. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये जवळपास पाच वर्षांनी रेपो दर कमी केला. तेव्हा ६.५० टक्क्यांवर असलेला हा दर टप्प्याटप्प्याने डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ टक्क्यांवर आला. एकूण कपात सव्वा टक्क्याची. ज्यांचं गृहकर्ज रेपोशी जोडलेलं आहे, त्यांच्याकडे दरमहा दोन-तीन हजार रुपये मोकळे होऊ शकतात. या पैशांचं काय करायचं?

आधी बघा, हप्ता खरंच कमी झालाय का?

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या दराची नवी गृहकर्जं रेपोसारख्या बाह्य दराशी जोडणं बंधनकारक आहे. त्यामुळे रेपो उतरला की या कर्जांचा दर काही महिन्यांतच उतरतो. त्याआधीची काही कर्जं अजूनही एमसीएलआर या जुन्या पद्धतीवर आहेत आणि तिथे कपात उशिरा पोहोचते. गृहवित्त कंपन्यांना तर बाह्य दराचं हे बंधनच नाही.

दर कमी झाला, तरी हप्ता कमी होतोच असं नाही. बऱ्याचदा बँक हप्ता तोच ठेवते आणि कर्जाची मुदत घटवते. दोन्हींत फरक किती पडतो, हे एका उदाहरणातून बघू.

समजा, ४० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी आहे. ८.७५ टक्के दराने त्याचा हप्ता होतो सुमारे ३५,३५० रुपये. दर ७.५० टक्के झाला की तोच हप्ता ३२,२२५ रुपयांवर येतो. म्हणजे महिन्याला साधारण ३,१०० रुपये सुटतात. पण नवा दर लागू झाल्यावरही जुनाच हप्ता भरत राहिलं, तर हे कर्ज २० वर्षांऐवजी साधारण १६ वर्षं ५ महिन्यांत फिटतं आणि एकूण व्याजात साडेसात लाखांहून जास्त फरक पडतो.

हप्ता कमी करायचा की मुदत, हे विचारण्याचा हक्क कर्जदाराला आहे. २०२२-२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांच्या कर्जाची मुदत त्यांच्या लक्षात न येताच लांबली होती. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हा पर्याय कर्जदाराला द्यायला हवा. मुदत तेव्हा लांबली असेल, तर ती आता पुन्हा आखडून घेता येते. कर्जाचं ताजं स्टेटमेंट काढून उरलेले महिने मोजणं, ही पहिली पायरी.

आगाऊ भरणा केला तर किती वाचतात?

बदलत्या दराच्या घरगुती गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले म्हणून दंड घेता येत नाही. बँकांना हा नियम २०१२ पासून लागू आहे. स्थिर दराच्या कर्जाचं मात्र तसं नाही, तिथे करारातलं कलम वाचावं लागतं.

वरच्याच उदाहरणात, ७.५० टक्के दर असताना सुरुवातीलाच २ लाख रुपये मुद्दलात भरले आणि हप्ता ३२,२२५ रुपयेच ठेवला, तर शेवटचे २५ हप्ते टळतात. एकूण व्याज वाचतं साधारण सव्वासहा लाख.

सोशल मीडियावरच्या रील्समध्ये हाच आकडा मोठ्या अक्षरात दिसतो. आकडा खोटा नाही, पण तो अर्धवट आहे. हे सव्वासहा लाख आज हातात येत नाहीत. ते वाचतात अठराव्या वर्षानंतर, जेव्हा रुपयाची किंमत आजच्याइतकी राहिलेली नसेल. नेमकं सांगायचं तर त्या २ लाखांवर दरसाल ७.५० टक्के परतावा मिळतो, तोही जोखमीशिवाय आणि त्यावर कर न भरता. हा परतावा चांगलाच आहे, पण तो जादूचा नाही.

करसवलतीमुळे गणित बदलतं का?

नवी करप्रणाली निवडली असेल, तर स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरच्या व्याजाला वजावट मिळत नाही. त्यामुळे वाचलेलं प्रत्येक रुपयाचं व्याज ही पूर्ण बचत असते.

जुन्या प्रणालीत अशा घराच्या व्याजाला वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट आहे. म्हणून 'कर्ज फेडलं तर सवलत जाईल' असं अनेकांना वाटतं. पण ७.५० टक्के दराने २ लाख व्याज होतं ते साधारण २६ लाख ६७ हजारांच्या मुद्दलावर. कर्ज एकट्याच्या नावावर असेल आणि शिल्लक मुद्दल याहून बरंच जास्त असेल, तर वरच्या व्याजाला तशीही सवलत नाही. अशा वेळी आगाऊ भरणा करून करात काहीच गमवावं लागत नाही.

दुरुस्तीसाठी वेगळं कर्ज काढलं, तर जुन्या प्रणालीत त्याच्या व्याजाला ३० हजारांपर्यंत वजावट आहे, तीही त्याच २ लाखांच्या आत. साठवलेल्या पैशातून दुरुस्ती केली तर अशी वजावट नाही.

मग पैसे हाताशी ठेवण्यात तोटाच आहे?

तोटा आहे, पण तो किती हे मोजलं पाहिजे. समजा, तेच २ लाख कर्जात न भरता ६.५० टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या करदात्याला कर आणि उपकर जाऊन साधारण ५.१५ टक्के मिळतात. कर्जात भरले असते तर ७.५० टक्के वाचले असते. फरक वर्षाला सुमारे ४,७०० रुपये, म्हणजे महिन्याला चारशेच्या आत. ज्यांना आयकरच बसत नाही, त्यांच्यासाठी हा फरक वर्षाला २ हजारच आहे.

पैसे हाताशी ठेवण्याची किंमत ही एवढी. त्या बदल्यात काय मिळतं, ते उलट बाजूने बघू. सगळे पैसे कर्जात भरले आणि वर्षभरातच गळतीचं २ लाखांचं काम निघालं, तर? मुद्दलात भरलेले पैसे नेहमीच्या गृहकर्जातून परत काढता येत नाहीत. १३ टक्के दराने तीन वर्षांचं वैयक्तिक कर्ज काढलं, तर व्याज जातं साधारण ४२,६०० रुपये. तेवढ्याच रकमेवर तेवढ्याच काळासाठी गृहकर्जाच्या दराने ते २४ हजार झालं असतं. म्हणजे साडेअठरा हजारांचा भुर्दंड, शिवाय प्रक्रिया शुल्क वेगळं.

वर्षाला ४,७०० आणि एकदम १८,५०० हे दोन आकडे शेजारी ठेवले की उत्तर दिसायला लागतं. ढोबळमानाने, मोठी दुरुस्ती चार वर्षांच्या आत निघणार असेल तर पैसे साठवणं स्वस्त पडतं. घर नवं असेल आणि तोवर काही निघण्याची शक्यता नसेल, तर तेच पैसे कर्जात भरणं फायद्याचं.

गृहकर्जावरच टॉप-अप कर्ज मिळालं तर भुर्दंड बराच कमी होतो. पण टॉप-अप मंजूर करायचं की नाही, हे त्या वेळचं उत्पन्न, वय आणि आधीच्या परतफेडीकडे बघून बँक ठरवते. नोकरी गेलेली असताना छत गळायला लागलं, तर तो दरवाजा बंद असू शकतो.

कोणती दुरुस्ती थांबू शकते?

'घराचं काम' या दोन शब्दांत बऱ्याच वेगळ्या गोष्टी येतात. मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, नव्या टाइल्स ही हौस आहे. ती दोन वर्षं थांबली तर बिघडत काही नाही.

गळतीचं तसं नसतं. स्लॅबमध्ये झिरपलेलं पाणी आतल्या लोखंडी सळ्यांपर्यंत पोहोचतं. गंजलेली सळई फुगते आणि तिच्याभोवतीचं काँक्रीट तडकून गळून पडतं. पहिल्या वर्षी जे काम वॉटरप्रूफिंगवर भागलं असतं, ते काही पावसाळ्यांनंतर स्लॅबच्या दुरुस्तीवर जातं. जुनं वायरिंग आणि गंजलेल्या पाइपांचंही तसंच. अशा कामांत उशीर हेच सगळ्यात महागडं कर्ज असतं. शिवाय वॉटरप्रूफिंगला कोरडा काळ लागतो, म्हणजे दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत. जूनमध्ये पैसे जमले तर काम पुढच्या मोसमावर जातं.

याउलट एक प्रसंग असा, की जिथे घरावर खर्च करण्याआधी थांबलंच पाहिजे. मुंबई, ठाणे, पुण्यात कित्येक जुन्या सोसायट्यांमध्ये पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत. इमारत तीन-चार वर्षांत पडणार असेल, तर नव्या किचनवर घातलेले पाच लाखही तिच्याबरोबर जातात. सुरक्षेपुरती डागडुजी करून बाकीचे पैसे कर्जात भरणं तिथे शहाणपणाचं.

सोसायटीकडून येणारा खर्च धरलाय का?

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांच्या हिशेबातून हाच खर्च बहुतेक वेळा सुटतो. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती निधीसाठी प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी घ्यायची असते.

अडचण 'बांधकाम खर्च' या शब्दांत आहे. फ्लॅटच्या बांधकामाला समजा तीस वर्षांपूर्वी ३ लाख लागले असतील, तर किमान दराने दुरुस्ती निधी होतो वर्षाला अवघा २,२५० रुपये. आजच्या दराने इमारतीला बाहेरून प्लास्टर आणि रंग करायचा, तर हा निधी पुरत नाही. मग सर्वसाधारण सभेत ठराव होतो आणि प्रत्येक सभासदाच्या वाट्याला मोठी रक्कम येते.

याची चाहूल आधी लागू शकते. उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. शेवटचं ऑडिट कधी झालं, त्यात काय लिहिलंय आणि निधीत शिल्लक किती, हे सभासदाने विचारून घ्यावं. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारी गळती ही सोसायटीची जबाबदारी असते. फ्लॅटच्या आतलं काम मात्र ज्याचं त्याने करायचं.

मधला मार्ग आहे का?

काही बँका ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज देतात. स्टेट बँकेचं 'मॅक्सगेन' हे त्याचं एक उदाहरण. अशा खात्यात जादा पैसे ठेवले की तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि गरज पडली की ते काढताही येतात. याचा दर साध्या कर्जापेक्षा थोडा जास्त असू शकतो. त्यामुळे खात्यात मोठी रक्कम पडून राहणार असेल तरच ते परवडतं. सहज काढता येणारे पैसे सहज खर्चही होतात, हेही लक्षात ठेवावं लागतं.

बाकीच्यांसाठी क्रम साधा आहे. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती, कारण तिचं व्याज गृहकर्जाच्या कित्येक पट असतं. मग काही महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते निघतील एवढा आपत्कालीन निधी. त्यानंतर गळती, वायरिंग यांसारखी न थांबणारी कामं आणि सोसायटीची येऊ घातलेली वर्गणी. या कामांचा अंदाज कंत्राटदाराकडून लेखी घ्यावा आणि तेवढीच रक्कम वेगळ्या ठेवीत ठेवावी. त्यावर जे उरेल, ते दरवर्षी मुद्दलात भरावं आणि भरताना हप्ता नको, मुदत कमी करा, असं बँकेला लेखी कळवावं.

हौसेची कामं यात शेवटी येतात. छतावरचा ओलीचा डाग त्या यादीत बसत नाही. तो कोरड्या दिवसांतच दुरुस्त करावा लागतो.