अमेरिकेत शिरलात कसे, यावरच पुढचं सगळं ठरतं

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं. आत १०४ भारतीय. प्रवासभर हातात बेड्या, पायात साखळ्या. बहुतेक जण हरियाणा, गुजरात, पंजाबचे. पण तिघे महाराष्ट्राचेही होते. एजंटाला लाखो रुपये मोजून, कर्ज काढून किंवा जमीन विकून गेलेले त्यात अनेक जण होते.

"एकदा आत जा, कागदपत्रं मागून करून घेऊ," हे एजंटचं नेहमीचं बोलणं. नोकरी, लग्न, तरुणांसाठीची सवलत, अशा आशा दाखवल्या जातात. कायदा मात्र आधी एकच विचारतो: आत आलात कसे?

नोकरी : एच-१बी हा मुख्यतः पदवीधरांचा व्हिसा. कंपन्यांसाठी वर्षाला ६५ हजार, आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांना आणखी २० हजार. अर्ज कंपनीच करते. सप्टेंबर २०२५ च्या हुकुमानुसार बाहेरून नवा माणूस आणायचा तर कंपनीला १ लाख डॉलर, म्हणजे ८० लाखांच्या वर रुपये, भरायला सांगितले गेले. शेतीच्या हंगामी कामाला एच-२ए व्हिसा आहे. त्याला संख्येची मर्यादा नाही. पण अर्ज तिथल्या मालकानेच करायचा, राहायची सोय त्यानेच करायची, आणि भरतीसाठी मजुराकडून पैसे घ्यायला मनाई आहे. या व्हिसाचे कुणी लाखो रुपये मागत असेल, तर तिथेच पाणी मुरतंय.

लग्न : अमेरिकन नागरिकाशी लग्न ठरलं असेल तर के-१ व्हिसा मिळू शकतो, पोचल्यावर ९० दिवसांत लग्न करावं लागतं. रीतसर व्हिसावर गेलेल्या माणसाने तिथल्या नागरिकाशी खरंखुरं लग्न केलं, तर व्हिसाची मुदत संपली असली तरी बहुतेक वेळा तिथेच राहून ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. सीमेवरून लपून शिरलेल्याला ही सोय साधारणपणे नाही. त्याला देशाबाहेर येऊनच अर्ज करावा लागतो. आणि तिथे वर्षभर किंवा जास्त बेकायदा राहून बाहेर पडलं की परत जायला १० वर्षांची बंदी. माफी मागता येते, पण ती मिळेलच असं नाही.

तरुण : 'डाका' योजना २०१२ ची. वयाच्या १६ वर्षांआधी आणि १५ जून २००७ च्या आधीपासून जे अमेरिकेत राहतात, त्यांच्यापुरती. त्यातही दर दोन वर्षांनी नूतनीकरण, आणि ग्रीन कार्ड नाहीच. आज जाणारा पोरगा त्यात बसूच शकत नाही.

राहिला आश्रयाचा अर्ज. धर्म, वंश, राजकीय मत अशा कारणांवरून छळ होतो हे त्यात पटवून द्यावं लागतं. गरिबी, नापिकी, डोक्यावरचं कर्ज ही कारणं तिथे चालत नाहीत.

उलट, सरळ वाटेने गेलेल्यांनाही थांबावं लागतं. नोकरीवरच्या ग्रीन कार्डात एका देशाला साधारण ७ टक्क्यांचीच मर्यादा असल्याने भारतीयांची रांग अनेक वर्षांची आहे. त्या रांगेत मुलाला २१ वर्षं पूर्ण झाली की आईबापाच्या व्हिसावर राहता येत नाही. हा त्रास मोठा आहे, पण नाव रांगेत तरी असतं. लपून गेलेल्याचं नाव कुठल्याच रांगेत नसतं, आणि सक्तीने परत पाठवलं की साधारण ५ वर्षं किंवा त्याहून जास्त प्रवेशबंदी लागते.

म्हणून शेताचा सौदा करण्याआधी घरच्यांनी एजंटला तीन गोष्टी विचाराव्यात. व्हिसा कुठला? अर्ज करणारा मालक कोण? सरकारी परवान्याचा नंबर काय? परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला परवाना लागतो आणि तो केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर मोबाइलवरूनही तपासता येतो. परवानाधारक एजंटला सेवाशुल्क ३० हजार रुपये अधिक जीएसटी, एवढंच घेता येतं, आणि त्याची पावती द्यावी लागते.

यातल्या एकाही प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही, तर सातबारा घरातच ठेवलेला बरा.