ओढू नका, दाबा!



घर्षणाचे नियम मी गेली वीस वर्षे शिकवीत आलो आहे. फळ्यावर आकृती काढतो, बाण दाखवतो, सूत्र लिहितो आणि परीक्षेत त्यावर प्रश्नही विचारतो. पण गेल्या उन्हाळ्यात हाच नियम मला एका गॅरेजमधल्या मिस्त्रींनी शिकविला, तोही एका जुन्या मोटारीच्या न उघडणाऱ्या डिकीपाशी. त्या प्रसंगापासून माझे एक मत पक्के झाले आहे. ते मांडण्यापूर्वी घडलेली हकीगत सांगतो.

माझ्या मामांनी १९७४ साली एक मोटार घेतली होती. मामा गेल्यावर ती गावच्या घरामागील पत्र्याच्या शेडमध्ये चार पावसाळे उभी होती. माझ्या मामेभावाला ती दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणायची होती. त्यासाठी गाडीची कागदपत्रे हवीत, आणि मामांच्या सवयीप्रमाणे ती होती डिकीतल्या पत्र्याच्या डब्यात! डिकी उघडेना. किल्ली कुलपात शिरे, पण फिरत नसे.

लोखंड गंजते तेव्हा त्याचा हवेतील ऑक्सिजनशी व पाण्याशी संयोग होतो, आणि तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. कुलपातील फिरणाऱ्या भागाभोवतीची फट केसाएवढीही नसते. ती गंजाने व धुळीने भरली, की किल्ली फिरणार कशी? आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून गंज सैल करणारे पातळ तेल आणले, किल्लीच्या भोकात थेंब थेंब सोडले, दहा मिनिटे थांबलो आणि पक्कड लावून किल्ली पिळली. किल्लीच वाकली! मामी म्हणाल्या, “अरे, एवढी घाई कशाला? रात्रभर मुरू दे की.”

मामींचे म्हणणे शास्त्राला धरून होते. अरुंद फटीत तेल शिरते ते केशाकर्षणाने. १९२१ साली एडवर्ड वॉशबर्न या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने याविषयी एक सूत्र मांडले. आडव्या, बारीक नळीत द्रव जितके अंतर आत जातो, त्या अंतराचा वर्ग हा लागलेल्या वेळेच्या प्रमाणात असतो. म्हणजे पाच मिलिमीटर आत जायला अर्धा तास लागत असेल, तर दहा मिलिमीटरला एक तास नव्हे, दोन तास लागतील; आणि वीस मिलिमीटरला तब्बल आठ तास! कुलपातली फट काही आदर्श नळी नव्हे. तिच्यात गंजही असतो. पण सूत्राचा मथितार्थ तिथेही लागू पडतो. द्रव जितका दाट तितका वेळ अधिक, म्हणून इंजिनचे घट्ट तेल येथे कामाचे नाही. धीर धरणे हा केवळ सद्गुण आहे असे आपण समजतो. येथे तो गणितातून निघालेला निष्कर्ष आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाकलेली किल्ली सरळ करून आम्ही ती हलकेच मागेपुढे केली. ती थोडी फिरली, आणि मग अडली. कुलूप सुटले, आता झाकण वर ओढले की झाले, असे आम्हांला वाटले. एकाने किल्ली पिळायची आणि दोघांनी झाकण वर ओढायचे. स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून उचकटून पाहिले. रंगाचे टवके उडाले, पत्र्याची कड वाकली. शेजारचा एक तरुण पहार घेऊन आला. दुसऱ्या कोणी तर गॅस-कटरने पत्रा कापण्याची सूचना केली. त्या काळातल्या पुष्कळ मोटारींची पेट्रोलची टाकी मागच्या बाजूला, डिकीच्या तळाजवळ असते. टाकीत पेट्रोल उरले नसले तरी त्याची वाफ असू शकते, आणि हवेत मिसळलेली वाफ ठिणगीने भडकते. मी त्याला हात जोडले व अखेर गावातल्या मिस्त्रींना बोलावणे पाठविले.

मिस्त्री आले. पन्नाशी ओलांडलेले, शिक्षण सातवीपर्यंत. त्यांनी हत्यार काढलेच नाही. पहिला प्रश्न विचारला, “किल्ली फिरते का?” मी म्हणालो, “थोडी फिरते, मग अडते.” ते म्हणाले, “म्हणजे कुलूप बरं आहे. आतला आकडा अडलाय. सर, ओढू नका, दाबा!” त्यांनी झाकणावर, कुलपाच्या अगदी वर, दोन्ही तळवे ठेवून अंगाचा भार टाकला आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. खट्ट असा आवाज झाला. आकडा सुटला!

मी मनात अक्षरशः खजील झालो. आता तुम्हीच विचार करा. डिकीच्या कडेला पाणी आत जाऊ नये म्हणून रबराची पट्टी असते. झाकण बंद असताना ती दबलेली असते व झाकणाला वर ढकलते. बिजागरीजवळच्या स्प्रिंगाही त्याला वर उचलू पाहतात. हे सगळे बल झेलतो तो कुलपाचा आकडा. आकडा सरकवायचा तर घर्षणावर मात करावी लागते. आणि घर्षण कशावर अवलंबून? गियोम आमोंतों या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६९९ साली सांगितले आहे, की घर्षण हे दोन पृष्ठभागांना एकमेकांवर दाबणाऱ्या बलाच्या प्रमाणात असते.

समजा, रबर व स्प्रिंगा मिळून आकड्यावर २०० न्यूटन बल पडते आहे आणि गंजलेल्या पृष्ठभागांचा घर्षण गुणांक ०.४ आहे. तर आकडा हलवायला ८० न्यूटन बल हवे. आम्ही दोघांनी मिळून आणखी ३०० न्यूटन बलाने झाकण वर ओढले; म्हणजे आकड्यावर ५०० न्यूटन, आणि घर्षण २०० न्यूटन! मिस्त्रींनी १५० न्यूटन बलाने खाली दाबले. आकड्यावर उरले ५० न्यूटन आणि घर्षण अवघे २० न्यूटन. आम्ही जितक्या जिद्दीने डिकी उघडू पाहत होतो, तितकी ती घट्ट करीत होतो.

आकडा सुटल्यावरही झाकण वर येईना, कारण ताणाताणीतही रबराची पट्टी बऱ्याच ठिकाणी रंगाला चिकटूनच राहिली होती. मिस्त्रींनी प्लॅस्टिकची पातळ पट्टी एका कोपऱ्यातून आत सरकवीत रबर इंच-इंच सोडविले. पाकिटावरचे तिकीट आपण एका टोकापासूनच सोलतो ना? सगळे बल एका बारीक रेषेवर एकवटले, की थोडक्यात काम होते. पाच मिनिटांत झाकण उघडले. स्टेपनी, जॅक आणि तो डबा, सगळे जागच्या जागी होते. कागदांच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या, पण अक्षरे वाचता येत होती. डबा हातात घेऊन मामी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

आता माझे मत सांगतो. मला सूत्र येत होते, तरी मी वर ओढले. का? कारण घर्षणाचा प्रयोग मी नेहमी लाकडी ठोकळा, कप्पी आणि वजनांचे पारडे यांवरच केला व करविला. आपल्या प्रयोगशाळेतल्या वस्तू मुळी अडतच नाहीत! उत्तर काय यावे हे आधीच ठाऊक असते. बिघडलेली वस्तू मात्र आपला बिघाड सांगत नाही. तो आपल्याला शोधून काढावा लागतो. म्हणून माझे म्हणणे असे, की प्रत्येक शाळेत आठवड्यातून निदान एक तास बिघडलेल्या वस्तूंचा असावा. गंजलेले कुलूप, अडकणारा खण, पावसाळ्यात फुगलेले दार, न फिरणारा नळ, हीच त्या तासाची उपकरणे.

कोणी म्हणेल, ही तर कारागिरी झाली, विज्ञान नव्हे. मला हे मान्य नाही. मिस्त्रींनी आधी निरीक्षण केले, बिघाडाची जागा निश्चित केली, एक अनुमान बांधले आणि ते पडताळून पाहिले. याहून वेगळी वैज्ञानिक पद्धत कोणती? कोणी असेही म्हणेल, की मग पुस्तके कशाला, गॅरेजातच जावे! तेही खरे नाही. दाबल्यावर आकडा सुटतो हे मिस्त्रींना अनुभवाने ठाऊक होते. तो का सुटतो हे कळले, की तोच विचार दाराच्या कडीलाही लावता येतो. दार आपल्याकडे ओढून धरल्यावरच कडी सरकते, हे तुम्ही घरी पाहिलेच असेल. हात आणि डोके यांची फारकत झाली, तर दोघांचेही नुकसान होते.

जुन्या मोटारींच्या बाबतीत तर हे नुकसान भरून येत नाही. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून निवृत्त झाली. अँबेसेडरचे उत्पादन २०१४ मध्येच थांबले. अशा गाडीचे झाकण पहारीने वाकविले, तर नव्यासाठी भंगारबाजार धुंडाळावे लागतात.

तेव्हा मित्रहो, घरात एखादी वस्तू अडली, तर जोर लावण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. यातला कोणता भाग हलायला हवा? तो नेमका कोठे अडला आहे? आणि माझा जोर त्याला सोडवितो आहे, की आणखी आवळतो आहे? वस्तू घरातलीच घ्या, वडीलधाऱ्यांची परवानगी घ्या आणि तेलाजवळ ज्योत आणू नका.

यंदा घर्षणाचा धडा मी ठोकळ्यापासून सुरू करणार नाही. वर्गात एक गंजलेले कुलूप नेणार आहे, आणि मिस्त्रींनी यायचे कबूल केले आहे.